उतरण्याचा हक्क

खेळ ही फावल्या वेळची करमणूक. तिच्यात नीति-अनीतीचा काथ्याकूट कशाला, असे म्हणणारे लोक पुष्कळ आढळतात. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ आहे असे नाही. ज्या देशात पोटाचे, पाण्याचे आणि शिक्षणाचे प्रश्न अद्याप सुटावयाचे आहेत, त्या देशातील एका प्रौढ माणसाने, बास्केटबॉलच्या खेळात चेंडू टाकू पाहणाऱ्यास प्रतिपक्षाने कितपत आडवे यावे, याविषयी मासिकाची पाने खर्ची घालावीत, हे वरवर पाहता हास्यास्पदच दिसेल. तथापि माझा अनुभव असा की, मोठमोठ्या प्रश्नांविषयी आपण जी तत्त्वे तोंडाने बोलतो त्यांची परीक्षा बहुधा लहान प्रसंगीच होते. आणि अशा एका लहान प्रसंगी मी स्वतः नापास झालो आहे. तो प्रसंग सांगितल्यावाचून पुढील विवेचनास हात घालणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

मी व्यवसायाने इंग्रजी साहित्याचा अध्यापक. मैदानाशी माझा संबंध योगायोगाने आला. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी शारीरिक शिक्षणाचे आमचे सहकारी दीर्घ रजेवर असताना, कॉलेजच्या बास्केटबॉल संघाबरोबर आंतरमहाविद्यालयीन सामन्यांस जाण्याचे काम माझ्याकडे आले. मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातील हा संघ. मुले सात, त्यांपैकी दोघांच्याच पायांत त्या खेळाचे म्हणता येतील असे बूट. एका जिल्ह्याच्या गावी आमचा सामना पडला तो आमच्यापेक्षा सर्व बाबतींत सरस अशा संघाशी. पण आमची मुले जिद्दीने खेळली आणि शेवटचे अर्धे मिनिट उरले असता आम्ही एका गुणाने पुढे होतो. त्यांचा एक उंच, सडपातळ मुलगा चेंडू घेऊन पुढे आला आणि कड्याकडे नजर लावून त्याने उडी घेतली. आमचा एक मुलगा त्याच्यावर धावून गेला. त्याचा हात चेंडूपर्यंत पोचणे शक्य नव्हते आणि ते त्यासही कळत होते. त्याने फक्त आपला पाय पुढे सरकविला. जेथे तो उंच मुलगा खाली येणार होता, बरोबर तेथे.

चेंडू कड्यावर आपटून बाहेर गेला. मुलगा खाली आला तो आमच्या मुलाच्या बुटावर. त्याचा घोटा आतल्या बाजूस वळलेला मी बाकावरून पाहिला. त्याला चौघांनी उचलून बाहेर नेले. पंचांनी साधा फाऊल देऊन दोन फ्री थ्रो दिले. पण टाकणारा आता उभा राहू शकत नव्हता. त्याच्या जागी आलेल्या मुलाने ते टाकले आणि त्याचे दोन्ही हुकले. आम्ही एका गुणाने जिंकलो. तो जायबंदी झालेला मुलगा पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावण्याचा सराव करीत असे, हे त्याच्या सोबत्यांच्या बोलण्यातून निघताना माझ्या कानांवर आले. मी त्याचे नाव विचारले नाही.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये गाणी चालली होती. ज्याने पाय सरकविला होता तो मुलगा मात्र माझ्या शेजारी गप्प बसला होता. बऱ्याच वेळाने त्याने हळूच विचारले, “सर, ते नियमात बसते नं?” मी म्हणालो, “पंचांनी तुला बाहेर काढले नाही ना? मग बसते.” तो हसला आणि गाण्यात मिसळला.

ह्या माझ्या उत्तरात दोन चुका होत्या. पहिली चूक अज्ञानाची, आणि ती पुढे नियमांचे पुस्तक उघडून पाहिले तेव्हा ध्यानात आली. दुसरी अधिक खोल असून तिचाच विचार येथे करावयाचा आहे. प्रश्न असा की, प्रतिपक्षास अडविण्यासाठी खेळाडूने किती आणि कोणत्या प्रकारची आक्रमकता वापरावी? तिला सीमा असल्यास ती कोणती, आणि ती सीमा नियमांनी आखली म्हणून मानावयाची, की तिच्या मुळाशी दुसरे काही आहे?

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, बास्केटबॉल हा खेळ जन्मासच आला तो ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणून. इ. स. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील एका प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ या तरुण शिक्षकावर, हिवाळ्यात चार भिंतींच्या आत खेळता येईल असा खेळ शोधून काढण्याची कामगिरी सोपविण्यात आली. विद्यार्थी दांडगे होते. मैदानावरील फुटबॉलसारखे धसमुसळे खेळ लाकडी जमिनीवर खेळले तर हाडे मोडणार हे उघड होते. नेस्मिथने विचार केला तो एखाद्या वैद्यासारखा. रोगाचे लक्षण दाबण्याऐवजी त्याने कारण शोधले. चेंडू हातात घेऊन पळण्याची मुभा आहे म्हणून पळणाऱ्यास पाडावे लागते. तेव्हा चेंडू घेऊन पळणेच बंद केले की पाडण्याचे प्रयोजन उरत नाही. गोल समोर उभा असला तर चेंडू जोराने मारण्यात लाभ असतो. तेव्हा गोल डोक्याच्या वर आडवा ठेवला, म्हणजे चेंडू कमानीने आणि हलक्या हाताने टाकावा लागेल. अशा विचारातून दहा फूट उंचीवर पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या गेल्या. त्याने जे तेरा नियम लिहिले त्यांतील पाचवा नियम खांद्याने रेटणे, धरणे, ढकलणे, पायात पाय घालून पाडणे आणि मारणे या सर्वांचा निषेध करतो. आणि इजा करण्याचा हेतू उघड दिसल्यास त्या खेळाडूस सबंध सामन्यातून काढावे, व त्याच्या जागी दुसरा घेऊ देऊ नये, असे सांगतो. ह्या अखेरच्या कलमावरून त्या शिक्षकास मनुष्यस्वभावाची किती ओळख होती हे दिसते. आपल्या अपराधाची झळ आपल्या सोबत्यांस लागेल असे कळल्यावर पुष्कळ जण सावध होतात.

परंतु मनुष्याच्या बुद्धीने एक वाट बंद केली की तीच बुद्धी दुसरी वाट उघडते. टोपली उंच असल्यामुळे माणसे उड्या मारू लागली. १९३० ते १९५० च्या दरम्यान उडी घेऊन हवेतूनच चेंडू टाकण्याची तऱ्हा रूढ झाली. ज्या योजनेने जमिनीवरची झोंबाझोंबी टाळली, तिनेच खेळाडूस क्षणभर जमिनीवरून उचलून अधांतरी नेले. आणि अधांतरी असलेला मनुष्य जितका असहाय असतो तितका जमिनीवर पडलेलाही नसतो, कारण पडलेल्याला निदान हात टेकता येतात.

आता आक्रमक संरक्षणाचे प्रकार वेगवेगळे करून पाहू. कारण सर्वांस एकाच मापाने मोजल्यास न्याय होणार नाही. पहिला प्रकार ‘प्रेस’चा. प्रतिपक्षाच्या हाती चेंडू आला की त्याच्या स्वतःच्याच टोकापासून त्याला घेरावयाचे, श्वास घेऊ द्यावयाचा नाही, आठ सेकंदांच्या आत त्यास मैदानाचा मध्य ओलांडू द्यावयाचा नाही. पाहणाऱ्यास हे दांडगाईचे वाटते. पण यात अन्याय कोणता? ज्याला घेरले त्याचे दोन्ही पाय जमिनीवर आहेत, डोळे उघडे आहेत, चार सोबती मैदानावर आहेत. एकावर दोघे धावून आले तर आपोआप आपला एक सोबती मोकळा झाला. कोंडी आहे, पण कोंडी फोडण्याची किल्ली कोंडी करणाऱ्यानेच हाती दिलेली आहे. अशी आक्रमकता कितीही तीव्र असली तरी ती खेळाचे भूषणच होय.

दुसरा प्रकार मुद्दाम फाऊल करण्याचा. अमेरिकेतील व्यावसायिक खेळात शाकील ओनील नावाचा प्रचंड देहाचा खेळाडू होऊन गेला. कड्याजवळ त्यास रोखणे कोणासही साधत नसे. परंतु फ्री थ्रो टाकण्यात तो इतका कच्चा की साऱ्या कारकिर्दीत त्याचे जेमतेम निम्म्याहून किंचित अधिक थ्रो साधले. तेव्हा प्रतिपक्षाने युक्ती काढली की, तो नेम धरण्यापूर्वीच मुद्दाम त्याला धरावयाचे आणि दंड पत्करावयाचा. येथे दंड हा दंड न राहता एखाद्या वस्तूची किंमत बनतो, आणि हे मला रुचत नाही. प्रेक्षकांसही ते कंटाळवाणे होते. तथापि अनीतिमान म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही. कारण ह्या युक्तीवरील उतारा त्या खेळाडूच्याच हाती होता. त्याने फ्री थ्रो टाकण्यास शिकावे, की युक्ती निकामी झाली. असल्या गोष्टींचा बंदोबस्त नियम करणाऱ्यांनी अभिरुचीच्या आणि सोयीच्या दृष्टीने करावा.

तिसऱ्या प्रकारात वरील दोहोंची सरमिसळ आहे. डेट्रॉइटच्या संघाने १९८८, १९८९ आणि १९९० अशी लागोपाठ तीन वर्षे शिकागोच्या संघास अंतिम टप्प्याआधीच गारद केले. मायकेल जॉर्डनला आवरण्यासाठी त्यांनी आखलेल्या डावपेचांस त्याच्याच नावाने ‘नियम’ असे थट्टेचे नाव पडले. त्या डावपेचांत तो कोठे उभा आहे ते पाहून दोघातिघांनी त्याच्यावर चालून जाणे होते, आणि तो कड्याकडे झेपावला असता त्यास अंगाच्या धक्क्याने खाली आणणेही होते. पहिल्यात बुद्धी आहे, दुसऱ्यात निव्वळ वजन आहे. लोक या दोहोंस ‘कणखर खेळ’ हे एकच नाव देतात, आणि सारा घोटाळा या एका नावामुळे होतो.

ही वर्गवारी करताना आपण नकळत एक कसोटी वापरीत आलो आहो. किती जोर लावला, हे आपण पाहिले नाही. प्रतिपक्षास उत्तर देण्यास वाव ठेवला की नाही, हे पाहिले. बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ह्या कसोटीला एका वाक्याचे रूप मिळाले आहे. मैदानावरील ज्या जागेवरून खेळाडूने उडी घेतली, त्या जागी पुन्हा उतरण्याचा त्यास हक्क आहे, असा त्या नियमाचा आशय आहे. त्याने उडी घेतल्यावर त्याच्या वाटेत कोणी येऊ नये. हवेत असलेल्या खेळाडूच्या खाली सरकून त्यास स्पर्श झाला, तर तो सामान्यतः खिलाडूवृत्तीविरुद्ध गंभीर फाऊल समजावा, आणि प्रसंगी खेळाडूस सामन्यातून काढूनही टाकावे. हे मी वाचले तेव्हा माझी पहिली चूक मला कळली. माझ्या विद्यार्थ्याचे कृत्य नियमात बसतच नव्हते. पंचांच्या नजरेतून सुटलेल्या गोष्टीस मी नियमाचे शिक्कामोर्तब करून दिले होते.

‘उतरण्याचा हक्क’ ही कल्पना मला फार मोलाची वाटते. उडी घेणारा मनुष्य एक प्रकारे प्रतिपक्षावर विश्वास टाकीत असतो. त्याचे डोळे कड्यावर, हात चेंडूवर, आणि पाय कोठेच नाहीत. त्या अर्ध्या सेकंदात त्यास दिशा बदलता येत नाही, पाय आवरता येत नाही. जमीन जशी सोडली तशीच ती परत मिळेल, एवढ्या भरवशावर तो वर गेलेला असतो. त्याचा चेंडू वरच्या वर अडवा, त्याच्या डोळ्यांपुढे हात नाचवा, तो उडी घेण्यापूर्वीच त्याची जागा व्यापा. हे सर्व त्याच्या खेळास दिलेले उत्तर आहे. त्याची जमीन काढून घेणे हे मात्र त्याच्या खेळास दिलेले उत्तर नाही. तेथे खेळ संपतो आणि निराळेच काही सुरू होते.

यावर आपल्याकडील कोणीही जाणता मनुष्य चटकन आक्षेप घेईल की, मग आमच्या कबड्डीचे काय? योगायोग असा की, हे दोन्ही खेळ जगाच्या एकाच व्यासपीठावर एकाच वेळी आले होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच पदकांच्या खेळांत समावेश झाला. वृद्ध नेस्मिथ तो पाहण्यास हजर होता, आणि उघड्यावर, भर पावसात झालेल्या अंतिम सामन्यात अमेरिकेने कॅनडाला १९ विरुद्ध ८ असे हरविले. त्याच बर्लिनमध्ये आमच्या वऱ्हाडातील अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांचे आणि कबड्डीचे प्रदर्शन केले होते. ह्या दोन खेळांची तुलना केली तर वरील तत्त्व कोलमडून पडेल असे प्रथमदर्शनी वाटते. कबड्डीत चढाई करणारा प्रतिपक्षाच्या अंगणात शिरतो, आणि त्यास परत जाऊ न देणे हाच बचाव करणाऱ्यांचा सारा उद्योग असतो. घोटा धरावयाचा, मांडी धरावयाची, कंबरेला मिठी घालावयाची, साखळी करून कोंडावयाचे. परतीचा हक्क तेथे कोणी मानीत नाही. मग जे बास्केटबॉलमध्ये पाप ते कबड्डीत पुण्य कसे?

आक्षेप खरा आहे, पण तो तत्त्वास मोडीत नाही, अधिक स्पष्ट करतो. चढाई करणाऱ्यास घोटा धरणारा समोर दिसत असतो, आणि घोटा धरला जाईल हे धरूनच तो पुढे पाऊल टाकतो. त्याला पाय झटकता येतो, उडी मारता येते, अंगाचे वजन वापरता येते. इतकेच नव्हे, तर धरल्यावरही तो ओढीत ओढीत मध्यरेषेस बोट लावू शकला, तर त्यास धरणारे सर्वच्या सर्व बाद होतात. म्हणजे पकड करणारा स्वतःलाही पणास लावतो. उत्तराचा वाव शेवटच्या क्षणापर्यंत कायम असतो. पण ह्याच रांगड्या खेळात काही गोष्टी सक्त मना आहेत. चढाई करणाऱ्याचे तोंड दाबून त्याचा दम कोंडता येत नाही, गळा आवळता येत नाही, पायांनी कैची घालता येत नाही. का बरे? दम मोडला की चढाई फसते. मग तोंडावर हात ठेवणे हा तर सर्वांत सोपा उपाय. परंतु ज्या दमावर तो खेळतो तो दमच बाहेरून बंद केला, तर समोर चढाई करणारा उरत नाही, एक गुदमरणारा देह उरतो. त्याचा दम त्याने आपल्या चुकीने घालविला तर तो बाद. तुम्ही हिरावून घेतला तर अपराधी तुम्ही.

म्हणजे बास्केटबॉलने जमीन राखली आणि कबड्डीने दम राखला. प्रत्येक खेळात एक गोष्ट अशी असते की, ती गेली असता प्रतिपक्षी हा प्रतिपक्षीच राहत नाही. त्या गोष्टीवर हात टाकावयाचा नाही, असा दोन्ही बाजूंचा मूक करार असतो. आणि त्या कराराच्या आत राहून कितीही कठोरपणे झुंजण्यास दोघेही मोकळे असतात. मला तर असे वाटते की, कठोर झुंज शक्य होते तीच मुळी ह्या करारामुळे. उतरताना जमीन असेल याची खात्री नसेल, तर शहाणा मनुष्य उडीच घेणार नाही.

दुसरा आक्षेप संमतीचा. जो मैदानात उतरला त्याने इजेचा धोका पत्करलाच, असे म्हणतात. पत्करला हे खरे. पण कोणता धोका? रस्त्याने जाणारा अपघाताचा धोका पत्करतो, म्हणून त्याच्या अंगावर गाडी घालण्याचा परवाना कोणास मिळत नाही. खेळाडूची संमती खेळास असते, आणि खेळाच्या ओघात होणाऱ्या धक्काबुक्कीस असते. खेळ बाजूस सारून केलेल्या घातास त्याने ती कधीच दिलेली नसते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, कारण तो आमच्यासारख्यांच्या वतीने घेतला जातो. आमच्या मुलांना उंची नाही, सकस आहार नाही, गुळगुळीत मैदान नाही, वर्षभर शिकविणारा गुरू नाही. त्यांच्यापाशी आहे ती फक्त अंगावर धावून जाण्याची हिंमत. तीही सभ्यपणाच्या नावाखाली काढून घेतली, तर नियम हे शहरातील धट्ट्याकट्ट्यांचे कुंपण ठरणार नाही काय? ह्या आक्षेपातील वेदना मी जाणतो; किंबहुना जीपमध्ये मी जे उत्तर दिले त्याच्या मागे थोडीफार हीच भावना होती. परंतु शांतपणे विचार करता त्यात हिशोबाची चूक दिसते. हिंमतीचे खरे हत्यार जो प्रेस, तो दुर्बळांकडून कोणी काढून घेत नाही. देह जायबंदी करण्याची मुभा जेथे मिळते, तेथे शेवटी कोण टिकतो? ज्याच्या बाकावर बारांचा भरणा आहे, ज्याच्या दिमतीस डॉक्टर आहे, ज्याच्या घरी चार महिने अंथरुणावर काढण्याची ऐपत आहे, तो. सात मुलांच्या संघाला ते युद्ध परवडत नाही. त्या दिवशी घोटा दुसऱ्याचा गेला म्हणून आम्ही जिंकलो. पण ज्याचा गेला तोही कोणा श्रीमंताचा मुलगा नव्हता. पोलिसांच्या भरतीसाठी पहाटे उठून धावणाऱ्या मुलाचे भांडवल म्हणजे त्याचे दोन पाय.

चौथा प्रश्न हेतूचा. पाय मुद्दाम सरकविला की धावण्याच्या भरात गेला, हे कोणी ठरवावे? १४ मे २०१७ रोजी अमेरिकेतील ओकलंड येथे सॅन अँटोनिओ संघाचा कवाय लेनर्ड चेंडू टाकून खाली येत असता, त्यास अडविण्यास आलेल्या झाझा पाचुलिया या खेळाडूच्या पायावर त्याचा पाय पडला. लेनर्ड जायबंदी होऊन बाहेर गेला, आणि वीसांहून अधिक गुणांची आघाडी असलेला त्याचा संघ अखेर दोन गुणांनी हरला. मुद्दाम केले, असे एक पक्ष म्हणे. खेळाच्या ओघात घडले, असे स्वतः पाचुलियाचे म्हणणे होते. दुसऱ्याच्या अंतःकरणात डोकावण्याचे साधन कोणापाशी आहे? पुढील हंगामापासून तेथील संघटनेने पंचांस अधिक कडक दंड करण्याची मुभा दिली, ती वादाची दिशा पालटून. पाय टाकणाऱ्याच्या मनात काय होते, याऐवजी उतरणाऱ्यास जागा ठेवली होती की नाही, हे पाहावयाचे ठरले. मला यात शहाणपण दिसते. कायद्याने हेतूच्या मागे लागू नये. त्याने जागा मोजावी. हेतूचा न्याय ज्याचा त्याने करावयाचा असतो.

आणि येथेच कायद्याचे राज्य संपून नीतीचे सुरू होते. आपल्या महाभारताने हा प्रश्न एका प्रसंगात इतक्या तीव्रपणे मांडला आहे की त्याहून अधिक मांडणे कठीण. गदायुद्धात नाभीच्या खाली प्रहार करू नये हा दंडक. भीम आणि दुर्योधन यांचे अखेरचे युद्ध चालू असता, भीमाचा वार चुकविण्यासाठी दुर्योधनाने वर उडी घेतली, आणि तो हवेत असतानाच भीमाची गदा त्याच्या मांड्यांवर बसली. दुर्योधनाच्या पदरी पातके थोडी नव्हती. द्रौपदीच्या अपमानाचा सूड म्हणून मांडी फोडण्याची भीमाची प्रतिज्ञा होती. तरीही व्यासांनी बलरामास नांगर उगारून भीमावर धावून जावयास लावले आहे. श्रीकृष्ण त्यास आवरतो, कारणे सांगतो. बलरामाचे समाधान होत नाही आणि तो द्वारकेस निघून जातो. आणि त्याच रात्री, मांड्या फुटून पडलेल्या दुर्योधनाच्या संमतीने, अश्वत्थामा पांडवांच्या शिबिरात शिरून झोपलेल्या वीरांची कत्तल करतो. एका बाजूने दंडक मोडला की दुसऱ्या बाजूस पुढचा दंडक मोडण्यास निमित्त पुरते. भीमाच्या बाजूने बोलणारा श्रीकृष्णासारखा वकील होता. तरीही ते कृत्य आजतागायत कोणी निर्मळ मनाने साजरे केलेले नाही. मग आमच्या एका गुणाच्या विजयाची काय कथा?

आता माझी दुसरी चूक. त्या मुलाने मला विचारले तेव्हा त्यास नियम जाणून घ्यावयाचा नव्हता. नियम त्याला माझ्याहून अधिक माहीत असावा. त्याच्या मनात काहीतरी टोचत होते, आणि त्या टोचणीचे काय करावे हे तो आपल्या शिक्षकास विचारीत होता. अशा वेळी शिक्षकाने टोचणीस धार लावावयाची असते. मी ती बोथट करून दिली. पंचांच्या शिट्टीपलीकडे विचारण्यासारखे काही नसते, हा धडा मी त्यास दिला. आणि वर्गात शेक्सपिअरचे कितीही अंक शिकविले तरी त्याने तो धडा पुसला जाण्यासारखा नव्हता.

तेव्हा मूळ प्रश्नास माझे उत्तर असे. आक्रमक बचावास पूर्ण मोकळीक असावी. घेरावे, कोंडावे, दमवावे, उंच हातांपुढे दहा हात उभे करावेत. परंतु अधांतरी असलेल्या मनुष्याच्या पायांखालची जागा कोणी घेऊ नये. घेतल्यास त्याला केवळ दोन फ्री थ्रोंची किंमत लावू नये, त्यास बाहेर काढावे. तालुक्यातालुक्यांत जे सामने होतात तेथील पंचांनी हा एक नियम तरी डोळ्यांत तेल घालून पाळावा, कारण तेथे जायबंदी होणाऱ्यास सावरणारे कोणी नसते. आणि पंचांच्या नजरेतून जे सुटेल त्याचा हिशोब संघाबरोबर गेलेल्या शिक्षकाने परतीच्या वाटेवर मुलांकडून मागावा.

पाय सरकविणारा माझा तो विद्यार्थी आता एका आश्रमशाळेत मुलांस खेळ शिकवितो, असे अलीकडे कळले. त्याच्याही हाताखालची मुले सामन्यांस जात असतील, आणि परतताना एखादे मूल त्याला तोच प्रश्न विचारीत असेल. माझे उत्तर त्याने जपून ठेवले असेल तर ते त्याने टाकून द्यावे, एवढ्यासाठी हे लिहिले. भेटीस जाऊन तोंडाने सांगणे अधिक बरे झाले असते. तेही करीनच.